संगणकावरची मराठी : दिसणारी आणि असणारी

आपल्या होस्टेलवर संगणक नाही अशी खोली आता शोधूनही सापडायची नाही. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात. जावा, पायथन, वेब डिझायनिंग हे सगळं आपण करतो, पण कोणी म्हटलं की "गावातल्या दुकानासाठी मराठीत एक वेबपान करून दे," तर भल्याभल्यांची गाडी अडते. एक जण मराठी मजकुराचा फोटो काढून पानावर चिकटवतो. दुसरा सरळ रोमन अक्षरांत मराठी लिहून मोकळा होतो. तिसरा डीटीपीवाल्याकडून फाइल आणतो आणि ती पानावर टाकल्यावर कचरा का दिसतो म्हणून डोकं धरून बसतो.

या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पडद्यावर मराठी दिसणे आणि फाइलमध्ये मराठी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा नीट समजलं की बाकीच्या बऱ्याच युक्त्या आपोआप सुचतात. म्हणून आधी तेवढं समजावून घेऊ, मग रोजच्या उपयोगाच्या गोष्टींकडे वळू.

उदाहरण माझ्या गावाचंच घेतो. भडगाव, गिरणेच्या काठचं, जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. हे नाव कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलं तर पडद्यावर छान 'भडगाव' उमटतं. पण फाइलमध्ये काय साठवलेलं असतं? मोठा एच, छोटा के, मोठा एम, मग छोटे एक्स, के, ओ. म्हणजे सहा इंग्रजी अक्षरं! एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे त्याची उभी दांडी. तोच के पुढे ग नंतर आला की काना होतो. संगणकाच्या दृष्टीने तिथे ना भ आहे ना ड. इंग्रजी अक्षरांना मराठी चित्रांचा सदरा घातलेला आहे, इतकंच. फाँट काढून घेतला की सदरा उतरला.

'गिरणा' घ्या. या फाँटांत पहिली वेलांटी ग च्या आधी साठवली जाते, कारण ती दिसते आधी. टाइपरायटरवर असंच होतं आणि हे फाँट टाइपरायटरच्याच सवयीवर उभे राहिले. आपण मात्र बोलताना आधी ग म्हणतो, मग इ. रफाराचं उलटं. 'कर्ज' म्हणताना र ज च्या आधी येतो, पण टाइपरायटरी फाँटमध्ये तो ज नंतर साठवतात, कारण तो ज च्या डोक्यावर बसतो. हा उलटसुलट क्रम लक्षात ठेवा. पुढे जुनी फाइल बदलताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आता हे फाँट करणाऱ्यांना नावं ठेवायची का? मला तसं वाटत नाही. त्या काळच्या संगणकात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे फार तर २५६ जागा. त्यातल्या निम्म्या इंग्रजीने आधीच अडवलेल्या. मराठीची जोडाक्षरं धरली तर आकार शेकड्यांनी. मग अक्षरांचे तुकडे करून ते इंग्रजी जागांवर बसवणं हाच व्यवहारी मार्ग होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, ही सॉफ्टवेअरं नसती तर लग्नपत्रिका, साप्ताहिकं, निवडणुकीची पत्रकं आणि आपल्यासारखी कॉलेजची मासिकं इतक्या स्वस्तात निघालीच नसती. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. एकाच्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या फाँटमध्ये लावलं की 'भडगाव'चं भलतंच काही व्हायचं.

यावर सरकारी पातळीवर उपाय निघाला होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की नावाची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात भारतीय लिप्यांच्या प्रत्येक मूळ अक्षराला ठरलेली जागा होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या मांडणीवर बेतलेला होता. युनिकोडमध्ये देवनागरीला सलग १२८ जागा आहेत. इथे भ म्हणजे भ, ड म्हणजे ड. जोडाक्षर कसं दिसेल ते फाँटने पाहायचं, फाइलमध्ये फक्त क, हलंत, ष अशी मूळ अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवायची. 'भडगाव' युनिकोडमध्ये भ, ड, ग, काना, व अशी पाच चिन्हं होतात. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं तर प्रत्येकी तीन, असे पंधरा बाइट. कृतिदेवमध्ये सहा बाइट लागत होते. जागा जास्त लागली खरी, पण त्या बदल्यात जगातल्या कोणत्याही संगणकाला कळलं की हा शब्द 'भडगाव' आहे.

विंडोजमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत असत आणि २००८ साली वारले. आपण वर्षानुवर्षं ज्या अक्षरांत मराठी वाचली त्या अक्षरांमागचा माणूस मराठी होता, हे आपल्या कॉम्प्युटर शाखेच्या मुलांनाही बहुधा ठाऊक नसतं. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ही सोय मुद्दाम सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागे. त्यामुळे सायबर कॅफेत युनिकोड मराठी उघडली की चौकोनच चौकोन दिसायचे आणि लोक म्हणायचे, "हे युनिकोड काही चालत नाही." २००३ च्या महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो अशा दिवसांत.

एवढं सगळं सांगायचं कारण काय? कारण जुन्या फाँटात अडकलेलं पुष्कळ काही आपल्या घरात अजून पडून आहे. आमच्याकडे माझ्या आत्याने लग्नातली अहिराणी गाणी वहीतून उतरवून २००३ च्या सुमारास एका दुकानातून टाइप करून घेतली होती. हळदीची, तेलनाची, जात्यावरची. ज्या बायका ती म्हणायच्या त्यातल्या बहुतेक आता नाहीत, वहीही राहिली नाही. उरली एक सीडी. तिच्यातली फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांची रांगोळी. आपल्या खान्देशात हे फार जिव्हारी लागणारं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांच्या ओव्या कागदावर टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि आपल्याला त्या वाचायला मिळाल्या. कागद शंभर वर्षांनीही डोळ्यांनी वाचता येतो. फाँट हरवलेली फाइल दहा वर्षांतच मुकी होते.

अशी फाइल हाती आली तर काय करायचं ते सांगतो. वर्डची फाइल असेल तर घाबरू नका. फाँट संगणकावर नसला तरी त्याचं नाव फाइलमध्ये टिकून असतं. मजकूर निवडा आणि वरच्या पट्टीत फाँटचं नाव पाहा. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'फाँट सब्स्टिट्यूशन' नावाची खिडकी आहे, तिथे कोणता फाँट सापडला नाही याची यादीच मिळते. आमच्या गाण्यांचा फाँट असाच कळला. नाव कळलं की त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर शोधायचा. पण साधी टेक्स्ट फाइल असेल तर तिच्यात फाँटचं नाव नसतं. मग एकेक जुना फाँट लावून पाहायचा आणि 'आणि', 'आहे' असे नेहमीचे शब्द कोणत्या फाँटमध्ये उमटतात ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. आधी एक चाचणी-ओळ चालवून पाहा. मी हे शब्द वापरतो : गिरणा, कर्ज, ट्रॅक्टर, द्राक्ष, श्री, शृंगार, दऱ्या, सर्व्हिस. पहिली वेलांटी, रफार, रकार, अर्धचंद्र, जोडाक्षर अशा सगळ्या खोडी यात आल्या. 'सर्व्हिस'मध्ये रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात, तिथे हमखास पडझड होते. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. तिची प्रत करून प्रतीवरच काम करायचं.

कन्व्हर्टर मिळालाच नाही, पण छापील प्रत हाती असेल, तर ती स्कॅन करून ओसीआर करा. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गूगल लेन्सही ओळखते. पेजमेकरमध्ये केलेल्या जुन्या अंकांसाठी मला हाच मार्ग सोपा वाटतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०. ती चालवायची, जुना फाँट शोधायचा, मग कन्व्हर्टर, एवढी यातायात करण्यापेक्षा छापील अंक उलगडून मोबाइलने नीट उजेडात फोटो काढलेले बरे.

आता रोजच्या वापरात मराठी बिघडलेली दिसते तेव्हा रोग ओळखायचा कसा? डॉक्टर जीभ बघतात तसं कचऱ्याचं रूप बघायचं.

सगळीकडे रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त फाँट नाही. फाँट टाका, काम झालं. रोमन ए च्या डोक्यावर तिरकी रेघ आणि त्याला लागून एक गोल चलनासारखं चिन्ह, असा जोड पुन्हा पुन्हा दिसला तर मजकूर यूटीएफ-८ मध्येच आहे, पण वाचणारा प्रोग्राम तो दुसऱ्याच पद्धतीने वाचतोय. एन्कोडिंग बदला, मराठी परत येईल. मजकुरात ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला टांगलेली एकटी वेलांटी दिसली तर टाइप करताना किंवा कन्व्हर्ट करताना क्रम चुकलाय. इंग्रजी अक्षरांची रांगोळी म्हणजे जुना फाँट, ते वर आलंच. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर? मग मात्र वाईट बातमी. मराठी ठेवता न येणाऱ्या जागेत मराठी साठवली गेली आणि साठवतानाच ती गेली. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत काढता येत नाही. प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये हा प्रकार सर्रास होतो, म्हणून पहिलीच नोंद मराठीत टाकून परत वाचून पाहायची सवय लावा.

नोटपॅडमध्ये पूर्वी सेव्ह करताना एन्कोडिंग आपोआप 'आन्सी' असायचं आणि मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून यूटीएफ-८ हेच मूळचं झालं आहे. ऑफिसातल्या जुन्या मशिनवर काम करत असाल तर सेव्ह ॲजच्या खिडकीत खालचा रकाना बघून घ्या. एक्सेलचं दुखणं वेगळं. मराठी नावांची सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की कचरा दिसतो. घाबरून ती तशीच सेव्ह करू नका! बंद करा आणि डेटा मेनूतून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडा. आपण स्वतः फाइल बनवत असू तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह करायची. पीडीएफ बरी आहे की नाही हे ओळखायला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे मराठी उमटली तर उत्तम. रांगोळी उमटली तर ती पीडीएफ फक्त छापायच्या कामाची, तिच्यात शोध लागणार नाही.

एसएमएसबद्दल एक. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात. त्यात एक जरी मराठी अक्षर घातलं तरी सगळ्या संदेशाची मर्यादा ७० वर येते. आणि ही ७० मोजताना काना, वेलांटी, हलंत हे सगळं वेगवेगळं धरतात. गॅदरिंगचे संदेश शेकडो जणांना पाठवणाऱ्यांनी आधी मोजावं.

टायपिंगकडे येऊ. इनस्क्रिप्ट शिका, असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात. कारण आवाजाप्रमाणे रोमन अक्षरं दाबली की मराठी येते, मग नवं कशाला शिका? घाईच्या कामाला ते ठीकच आहे. २००० नंतरच्या दशकात बरहा, गमभन यांनी कितीतरी लोकांना मराठी लिहितं केलं आणि आता विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आयताच मिळतो. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पण इनस्क्रिप्टमागचा विचार बघा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरला की ख. आय वर ग, शिफ्टने घ. एल वर त, शिफ्टने थ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांत हात बसतो. 'भडगाव' लिहायला शिफ्ट-वाय, मग उघडा चौकोनी कंस, आय, ई, बी. पाच चिन्हं, पाच वेळा बोट. सुचवण्यांच्या यादीतून निवडत बसायला नको. आणि याची मांडणी भारतातल्या इतर लिप्यांनाही तीच आहे. क च्या जागेवर गुजरातीत गुजराती क, तेलुगूत तेलुगू क.

इनस्क्रिप्टचा आणखी एक फायदा म्हणजे शिफ्ट-जे वर ऱ मिळतो. या एका अक्षरावर मराठीत फार काही अवलंबून आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक तर होस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवायलाच हवा. "आचार्यांना विनंती की पोळ्या कच्च्या ठेवू नयेत" अशी नोटीस मेसच्या दारावर लागली तर कोणत्या प्राध्यापकांनी पोळ्या लाटल्या असा प्रश्न पडेल! टाइप करताना ऱ, हलंत, य असा क्रम. काही जुन्या साधनांत हाच आकार र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून काढतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. म्हणून शोध घेताना एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ' चंही तसंच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र देऊन लिहीत आणि अजूनही काही कळफलक तसंच लिहितात. शोधाची सोय करणाऱ्या प्रोग्रामरने ही रूपं आधी स्वतः एकसारखी करून घ्यावीत. नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन र खाली नुक्ता दिलेला प्रकार सुधारतं, पण वरचे दोन्ही ते सोडून देतं.

वेब डिझायनर मंडळींसाठी आता थोडं सविस्तर. पानाच्या सुरुवातीलाच मेटा टॅगमध्ये चारसेट यूटीएफ-८ असल्याचं सांगा. तो टॅग पहिल्या १०२४ बाइटच्या आत यायला हवा, खाली ढकलू नका. आणि एचटीएमएलच्या मुख्य टॅगला लँग म्हणून 'एमआर' लिहा. बहुतेक जण तयार टेम्प्लेट उचलतात आणि तिथे 'ईएन' तसंच राहतं. काय बिघडतं? एक म्हणजे, मराठी आणि हिंदीचे ल आणि श वेगळ्या वळणाचे आहेत. आपला ल पाकळीचा, श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही तीच वळणं प्रमाण धरली आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींना जागा एकच. ज्या फाँटमध्ये मराठी वळणं घातलेली असतात तो फाँट लँग पाहून ती वापरतो. लँग नसेल तर हिंदी वळण येतं. तो त्रासच नको असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट वापरा. तो गूगल फाँट्सवर फुकट आहे आणि त्यात मराठी वळण मुळातच आहे. बातमीसारख्या लांब मजकुराला शोभतो. साध्या, ठसठशीत पानासाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' चांगला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतात. मजकूर मराठी आहे हे त्याला लँगवरून कळतं, नाहीतर तो इंग्रजी आवाजात अडखळतो. आणि नोटीस फोटो म्हणून चिकटवली असेल तर त्याला काहीच वाचता येत नाही. आपल्या सूचना फलकावरचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी खाली दोन ओळी टाइप केल्या तर बोटं झिजणार नाहीत.

मांडणीचं म्हणाल तर इंग्रजीचे ठोकताळे मराठीला लावू नका. मराठीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीला १.४ पुरत असेल तर मराठीला १.६ ते १.८ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांचा आकार इंग्रजीपेक्षा एक-दोन पिक्सेल मोठा ठेवा. अक्षरांत फट वाढवायची सोय मराठीला अजिबात वापरू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात विंचरल्यासारखे दिसतात. इटॅलिकही टाळा. देवनागरीत तिरकं अक्षर ही मूळची रीत नाही आणि ब्राउझर नुसतं अक्षर ढकलून वाकडं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह मोबाइलवर आवरा. मराठी शब्द लांब, ओळ अरुंद, मग मध्ये खिंडारं पडतात.

फाँटची फाइल जड असते कारण तिच्यात जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात. डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारात घ्या आणि दोनच वजनं ठेवा, साधं आणि ठळक. कासोदा रस्त्यावरच्या शेतातून कोणी मोबाइलवर आपलं पान उघडत असेल, हे डोळ्यापुढे ठेवून पान हलकं करा. आपल्या लॅबच्या इंटरनेटवर सगळंच पटकन उघडतं.

डेटाबेसमध्ये यूटीएफ-८ च घ्या. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८ एमबी-४' निवडा. मराठी तीन बाइटांत बसते, पण लोक नावापुढे इमोजी टाकतात आणि त्यांना चार लागतात. नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा घालू नका. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणक त्यात क, हलंत, ष, वेलांटी अशी चार मोजतो. मोबाइल नंबर पानावर देवनागरी आकड्यांत दाखवलात तरी डायल करायच्या लिंकमध्ये आणि साठवताना रोमन आकडेच ठेवा, नाहीतर फोन लागायचा नाही.

यादी अकारविल्हे लावायची असेल तर आणखी एक खाच. केळी, केवडा, केशर या तीन शब्दांचा क्रम लावा बरं. युनिकोडच्या जागांप्रमाणे लावला तर केळी पहिली येते, कारण ळ ची जागा ल च्या शेजारी आहे. मराठी वर्णमालेत मात्र ळ ह च्या नंतर. म्हणून शब्दकोशात केवडा, केशर आणि शेवटी केळी. जळगावची केळी जगात पुढे असली तरी यादीत मागेच बसवायला हवी! त्यासाठी सॉर्ट करताना मराठीचं कोलेशन निवडावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये इंटलचा कोलेटर 'एमआर' देऊन वापरला की काम होतं.

पानाचं नाव आणि पत्ता हा शेवटचा भाग. २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी डोमेन मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण सोबत एक रोमन नावही ठेवा, कारण पत्रिकेवरून पत्ता टाइप करणाऱ्याकडे मराठी कळफलक असेलच असं नाही. पानाच्या पत्त्यात मराठी शब्द घातला आणि लिंक कॉपी केली तर त्याचे टक्केचिन्हांचे तुकडे होतात. एकट्या 'भडगाव'ची ४५ अक्षरं होतात. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाहून माणूस बिचकतो. म्हणून पत्ता रोमन, मजकूर मराठी, हे मला बरं वाटतं.

पण मजकुरात गावाचं नाव देवनागरीत आणि पूर्ण द्याच. रोमन अक्षरांत भडगाव शोधलंत तर वाट थेट नेपाळला जाऊ शकते. काठमांडूजवळच्या भक्तपूरचं दुसरं नाव रोमनमध्ये आपल्या भडगावसारखंच लिहितात. आणि कोल्हापूरकडे गडहिंग्लज तालुक्यातही एक भडगाव आहे. 'भडगाव, जि. जळगाव' असं लिहिलं की शोधणाराही चुकत नाही आणि एसटीने येणाराही.

अहिराणीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. लिपी देवनागरीच, त्यामुळे फाँट, कळफलक सगळं हेच चालतं. पण मोबाइलची आपोआप दुरुस्ती आधी बंद करा. अहिराणीत शाळेची 'शाया' होते, डोळ्याचा 'डोया', आणि दुरुस्ती करणारा प्रोग्राम या शब्दांना चुका समजून मुकाट्याने बदलून टाकतो. आमच्या गाण्यांच्या फाइलवर मी प्रमाण मराठीचा स्पेलचेक चालवू दिला नाही तो याचसाठी. वेबपानावर टाकताना लँगमध्ये 'एमआर' न लिहिता 'एएचआर' लिहा. अहिराणीचा आंतरराष्ट्रीय भाषासंकेत तोच आहे. ज्या गाण्याचे दोन पाठ मिळाले त्यांचे दोन्ही पाठ ठेवा, कोणी म्हटलं आणि कोणत्या गावी म्हटलं ते खाली लिहा, आणि फाइल साध्या यूटीएफ-८ टेक्स्टमध्ये एक, पीडीएफमध्ये एक अशी दोन ठिकाणी ठेवा.